डेट रिलीफ ऑर्डरच्या फॉर्ममध्ये गावी पाठवलेले पैसे दाखवायचे की लपवायचे?

प्रश्न असा आहे: "इंग्लंडमध्ये राहतो, २७ हजार पौंड कर्ज झालंय, डेट रिलीफ ऑर्डरला अर्ज करतोय. महिन्याची आवक १,६५०, खर्च १,५१०, म्हणजे १४० उरतात आणि शिल्लक तर ७५ च्या वर चालत नाही म्हणे. खाण्याचा खर्च वाढवून लिहू का? गावी १०० पाठवतो ते दाखवू की लपवू?"

सहसा मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. पण "गावी पाठवतो ते लपवू का" वाचलं आणि राहवलं नाही.

डेट रिलीफ ऑर्डर म्हणजे कमी आवक आणि कमी मालमत्ता असलेल्या माणसाची कर्जवसुली वर्षभर थांबवून मग कर्ज माफ करणारा सरकारी आदेश. आधी तुमचं उत्तर. खाण्याचा खर्च फुगवू नका. खाणं, फोन, कपडे यांना त्या फॉर्मच्या मागे मर्यादा ठरलेल्या असतात, त्यावर आकडा गेला की अर्ज भरून देणारा सल्लागार विचारणार, आणि बँक स्टेटमेंट तर समोर असतंच. खोटं सापडलं तर ऑर्डर रद्द होऊ शकते, वर २ ते १५ वर्षांचे निर्बंध लागू शकतात. आणि खरं सांगू का, फुगवायची गरजच नसते हो, तुम्ही निम्मे खर्च लिहिलेलेच नसणार. मीही नव्हते लिहिले.

माझं २०२२ चं आहे. लेस्टरमध्ये केअर होमला काम, नवरा २०१९ ला वेगळा झालेला, मुलगा आठवीत, कर्ज २३ हजारांच्या पुढे, कार्डं, एक लोन, कौन्सिल टॅक्सची (घरपट्टीसारखा कर) थकबाकी आणि लाइटची. तेव्हा अर्जाला ९० पौंड फी होती, मी ती हप्त्याहप्त्याने भरली. आता एप्रिल २०२४ पासून फीच नाही आणि कर्जाची मर्यादाही त्या जूनपासून ३० वरून ५० हजार केलीय, त्यामुळे तुमचं सोपंय.

फोनवर माझी सल्लागार बाई, आवाजावरून वयाने आईएवढी असावी, पहिल्याच दिवशी म्हणाली तुझा पगार चुकलाय. मला रागच आला, पगार कसा चुकेल, स्लिप समोर आहे, १,०८०. ती म्हणाली हा चार आठवड्यांचा आहे, महिन्याचा नाही. वर्षाला १३ पगार होतात, १३ ने गुणायचं आणि १२ ने भागायचं, झाले १,१७०. मुलासाठी सरकारकडून मिळणाऱ्या चाइल्ड बेनिफिटचंही तेच, चार आठवड्यांचे ८७ पडायचे ते महिन्याचे ९४ धरले. युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी पगारावर मिळणारी सरकारी मदत, दर महिन्याला वेगळं, कारण कधी एका महिन्यात दोन पगार पडले की ते धाडकन खाली यायचं, म्हणून काही महिन्यांची सरासरी काढली, ६१०. एकूण १,८७४. मी लिहिले होते १,७७७. म्हणजे माझी शिल्लक १६३ होती ती बसल्याबसल्या २६० झाली. फोन ठेवून मी किचनमध्ये ओट्याला टेकून रडले, की आता हे होतच नाही.

दुसऱ्या फोनला तिने खर्च काढले, आणि एकेक प्रश्न असा की लाज वाटावी. शेवटचे बूट कधी घेतलेस? मुलाच्या शाळेच्या जेवणाचे कुठेयत? अडीच पौंड रोजचे, शाळेचे १९० दिवस, १२ ने भाग, ४० आले. कपडे-बूट आम्हा दोघांचे मिळून ४५. दातांचं, चष्म्याचं, प्रिस्क्रिप्शनचं १२. केस कापणं आणि बसचं सुटंमुटं १५. वाढदिवस-दिवाळी १०, ते मी लिहूच देत नव्हते, तीच म्हणाली माणसं वाढदिवस करतात. गॅस-लाइटचा मी जुना डायरेक्ट डेबिट ९५ लिहिला होता, एप्रिलपासून दर इतके चढले होते की खरं बिल १४८ येत होतं.

आणि सगळ्यात मोठा घोळ. कौन्सिल टॅक्स आणि पाणी दोन्हीपुढे मी शून्य लिहिलेलं. का, तर भरतच नव्हते ना! मला वाटलं भरत नाही तर खर्च कसला. तर तसं नसतं. मागची थकबाकी कर्जात जाते, आणि चालू महिन्याचं जे भरायला हवं ते खर्चात, तुम्ही भरा न भरा. ८४ आणि २८. हे नीट वाचा, इथे बहुतेक जण फसतात.

मग ती "फॅमिली सपोर्ट, १२०" वर आली. हे काय आहे?

म्हटलं आईची औषधं. बीपी, शुगर, गुडघे. तासगावला असते, दादा-वहिनीकडे. बाई म्हणाली ठीक आहे, पण औषधांचे एवढे होतात याला काही कागद? औषधांच्या दुकानाची बिलं चालतील. मला वाटलं एवढंच ना, दादाला फोन करते.

फोन केला रविवारी. दादा, आईच्या औषधांची दोन महिन्यांची बिलं फोटो काढून पाठव ना, इथे एका फॉर्मला लागतात.

"कसला फॉर्म?"

सांगितलं. खोटं बोलता येत नाही मला, तिथेच घोडं पेंड खातं. थोडा वेळ काहीच नाही, मग म्हणाला, "म्हणजे दिवाळं काढालीस." मग म्हणाला, "आणि हिशेब मागतीस व्हय गं माझ्याकडं? सासरी गेलेल्या पोरीनं?" आणि फोन ठेवला.

मी अकरा वर्षं पैसे पाठवत होते. पहिली चार वर्षं नवऱ्याला न सांगता, ओव्हरटाइम करून. गावात दादा सांगणार मी आईला सांभाळतो, आणि कुणी माझं नाव काढलं की म्हणणार पाठवते कधीमधी थोडंफार. कधीमधी! दर महिन्याच्या ३ तारखेला, घरी लाइटबिलाला पैसे नसले तरी. इथे काही जण म्हणतील की बाई विषय सोडून चालली, पण विषय हाच आहे. हिशेब मागणं म्हणजे अविश्वास असं आपल्याकडे जे डोक्यात भरवलेलं असतं ना, त्यापायी माझं अर्धं कर्ज झालंय. माझं तर स्पष्ट मत आहे, ज्याला पैसे चालतात त्याला हिशेबही चालला पाहिजे.

तीन-चार दिवसांनी इथे रात्री अकराला, म्हणजे तिकडे पहाटे, वहिनीचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. मेसेज काही नाही, नुसता फोटो. जेवणाच्या टेबलावरच्या फुलाफुलाच्या प्लास्टिकवर बिलं एकाखाली एक लावलेली, उडू नयेत म्हणून वर तिखटामिठाच्या डब्याचं झाकण. सगळी मिळून महिन्याला ३,४०० रुपये होत होते. पौंडात ३६. मी पाठवत होते १२०, म्हणजे तेव्हाच्या भावाने ११ हजारांच्या वर. आणि फोटोच्या उजव्या कोपऱ्यात, बिलांच्या खालून अर्धी बाहेर आलेली एक पावती, बुलेटच्या हप्त्याची, दादाच्या नावाची, रुपये ५,२००. वहिनीने ती मुद्दाम ठेवली की चुकून राहिली ते मी अजून विचारलेलं नाही.

मी फोटो मोठा करून करून बघत बसले. बुलेट मी व्हिडिओ कॉलवर पाहिली होती की. हार घातलेली. मी वर हार्ट पाठवलं होतं.

बाईला सकाळी सांगितलं १२० खोडा, ३६ लिहा. ती म्हणाली का. म्हटलं आईची औषधं ३६ ची आहेत. तिने पुढे काही विचारलं नाही. सगळं मांडल्यावर खर्च आला १,८१७, शिल्लक ५७. एक पेनीही फुगवली नव्हती. ऑगस्टमध्ये अर्ज गेला, ऑर्डर झाली, पुढच्या ऑगस्टला वर्ष पुरं झालं आणि कर्ज गेलं. क्रेडिट फाइलवर ६ वर्षं राहतं, माझं २०२८ पर्यंत आहे. त्यावाचून माझं काही अडलं नाही.

तर तुमचे १०० दाखवा. स्टेटमेंटवर दिसतातच ते, लपवणार कुठे? पण ते कशाचे आहेत हे आधी स्वतःला विचारा आणि मग घरी विचारा. औषधांचे असतील तर कागद मागवा. "घरखर्चाला" असतील तर सल्लागार ते धरेलच असं नाही, माझ्या बाईने ३६ धरले म्हणून तुमचा माणूस १०० धरेल असं मी म्हणत नाही. घरून कागद यायला लागलेला वेळ आणि मिळालेली उत्तरं यावरूनच तुम्हाला बरंच कळेल.

काही गोष्टी राहिल्याच. सातबारावर तुमचं नाव आहे का? भारतातली मालमत्ताही धरतात, आणि एकूण मालमत्ता २,००० पौंडांच्या वर गेली की डेट रिलीफ ऑर्डर नाही, गाडीची मर्यादा वेगळी, ४,०००. आमची जमीन वडिलांनी १९९३ लाच विकली आणि घर आईच्या नावावर, म्हणून माझं निभावलं. आणि नाव आहे म्हणून आता घाईघाईने भावाला हक्कसोड करून देऊ नका, अर्जाआधीच्या दोन वर्षांत मालमत्ता फुकटात दिलेली असेल तर त्यावरूनच अर्ज अडकतो. ओळखीच्या माणसाचे उसने आधी फेडून टाकू आणि बँकांना सोडू, हेही तसंच, भिशीच्या मैत्रिणीचे सुद्धा. दागिन्यांचं विचारतात. स्कॉटलंडला असाल तर तिथले नियम वेगळे, माझं काही धरू नका. अर्ज स्वतःचा स्वतः करता येत नाही, अधिकृत सल्लागारातर्फेच जातो, स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन, सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस कुणाकडेही जा, सगळे फुकट आहेत. फेसबुकवर जाहिरात करून आयव्हीए (देणेकऱ्यांशी हप्त्यांचा कायदेशीर करार) गळ्यात मारणाऱ्यांना फोन करू नका, ५-६ वर्षं हप्ते भरत बसाल. खरोखरच ७५ च्या वर उरत असतील तर मग आयव्हीए किंवा डेट मॅनेजमेंट प्लॅन (झेपेल तसे हप्ते ठरवून कर्ज फेडणं) बघावा लागेल, हेही आहेच. आणि ऑर्डर झाल्यावर वर्षभरात पगार वाढला तर कळवावं लागतं.

मी आता ४० पौंड थेट वहिनीच्या खात्यावर टाकते, ती दर महिन्याला त्याच टेबलावरून बिलांचा फोटो पाठवते. दादा दिवाळीला बोलतो, जेवलीस का वगैरे.

तुम्ही खाली कॉमेंटमध्ये खर्चाची यादी टाकलीय ती पाहिली. त्यात पाणी नाही, आणि गाडी आहे म्हणता तर इन्शुरन्स आणि एमओटी (गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी) कुठे आहे? पगार दर चार आठवड्यांनी येतो की महिन्याला ते पण सांगा.