संस्थेत नोकरी करायची आहे? आधी तिचा ताळेबंद मागा

सामाजिक संस्थांमधल्या नोकऱ्यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार या अंकात घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे वगळून फक्त गावे दिली आहेत.

वय ३६. खासगी कंपनीच्या लेखा विभागात १२ वर्षे झाली, आता मन लागत नाही. आदिवासी मुलांच्या शिक्षणावर काम करणाऱ्या संस्थेत जावेसे वाटते. त्यासाठी आधी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करावे लागेल का? (नाशिक)

नाही. ही पदवी जिथे खरोखर लागते अशा जागा मोजक्या आहेत: सरकारी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक, कुटुंब न्यायालयातील विवाह समुपदेशक, अशा. बाकी संस्थांना तुमच्यासारखा माणूस शोधूनही सापडत नाही. गावात बैठका घेणारी मुले मिळतात. चार देणगीदारांचे हिशेब वेगळे ठेवून मार्चअखेर जुळवून देणारा मिळत नाही.

हे काम कंपनीतल्या कामासारखे नाही. नफा-तोट्याऐवजी इथे प्रत्येक रुपया कोणत्या प्रकल्पाच्या कोणत्या शीर्षाखाली गेला हे दाखवावे लागते. एकच जीप एका दिवसात दोन प्रकल्पांच्या गावांना जाते. डिझेल कोणाच्या नावावर टाकायचे? वाटणीचे सूत्र (किलोमीटर किंवा कामाचे दिवस) वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी ठरलेले नसेल, तर तेच बिल दोघा देणगीदारांना लागते आणि लेखापरीक्षणात ते उघडे पडते. परदेशी निधीचे नियम तर फार कडक. तो आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, देशी पैशात मिसळता येत नाही आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा तेव्हाच ५० वरून २० टक्क्यांवर आली. या निधीचे वार्षिक विवरण ३१ डिसेंबरपर्यंत भरायचे. करसवलतीच्या देणग्यांचे देणगीदारनिहाय विवरण मात्र ३१ मेपर्यंत. ते राहिले तर दिवसाला २०० रुपये भुर्दंड बसतो आणि देणगीदाराची सवलत अडकते, म्हणजे पुढच्या वर्षी तो देणगीदार गेला असेच समजा.

आता जे तुम्ही विचारलेले नाही ते. लेखापालाचा दिवस नाशिकच्या कार्यालयातच जातो. टॅली, व्हाउचर, खर्चाची पत्रके. मुले दिसतील महिन्यातून एखाद्या वेळी. मन लागत नाही ते आकड्यांमुळे असेल, तर संस्था बदलून काही होणार नाही. आकडे आवडतात पण ते कोणासाठी मांडतो आहोत हे खटकत असेल, तर मात्र जरूर जा. विषय पाहून संस्था निवडणारे बरेच असतात. निवडायचा असतो तो सकाळी दहा ते संध्याकाळी सहा हा वेळ.

राजीनामा लगेच देऊ नका. एप्रिल-मेमध्ये लेखापरीक्षणाच्या गडबडीत आवडत्या संस्थेला तीन-चार शनिवार मदत देऊ करा. कपाटातल्या फायली पाहून जे कळते ते मुलाखतीत कळत नाही. पगार कमी होईल, आणि तो विचारायला संकोच नको. हातात किती, भविष्यनिर्वाह निधी आहे का, प्रवासखर्च किती दिवसांनी मिळतो, हे तीनही विचारा. घरकर्जाचा हप्ता चालू असेल तर सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत थांबा.

मुलगी एमएसडब्ल्यू झाली. मेळघाटातल्या एका संस्थेत क्षेत्र समन्वयक म्हणून बोलावणे आले आहे. आम्हाला धास्ती वाटते. काय तपासावे? (जालना)

कागद घरबसल्या पाहता येतील. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर विश्वस्तांची नोंद सापडते, नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’वर संस्थेचा क्रमांक. लेखापरीक्षित हिशेब संस्थेकडूनच मागा. द्यायला का-कू करणारी संस्था सोडून द्या.

पण तुमची धास्ती कागदांनी जाणार नाही. मुलीसोबत एकदा धारणी किंवा चिखलदऱ्यापर्यंत जाऊन या आणि तिथे आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या मुलीशी बोला, शक्यतो वरिष्ठ समोर नसताना. राहायची खोली कुठे? संध्याकाळच्या बैठकीनंतर परत सोडायला कोण येते? दुचाकी संस्थेची की स्वतःची, आणि तिचा विमा कोण भरतो? पावसाळ्यात रस्ता तुटला, मोबाइलला रेंज नाही, अशा वेळी निरोप कसा जातो? आणखी एक: दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, तिच्यात बाहेरची एक सदस्य असावी लागते. ‘त्या बाहेरच्या सदस्य कोण?’ एवढेच विचारा. ‘आपल्याकडे असले काही होत नाही’ हे उत्तर आले तर नोकरी नाकारावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कामाबद्दल मुलीने स्वतः विचारायचा प्रश्न: एका समन्वयकाकडे गावे किती? दहा-बारा गावांत घराघरांची ओळख होते. चाळीस असतील तर नुसत्या हजेरीच्या याद्या भरल्या जातात. कोरकू ही तिथल्या आदिवासींची भाषा शिकायला पहिले सहा महिने जातील, ते वाया गेले असे कोणी मानू नये.

थेट नोकरीआधी चाचपून पाहायचे असेल तर फेलोशिप आहेत. एसबीआय युथ फॉर इंडिया १३ महिन्यांची, गांधी फेलोशिप आणि टीच फॉर इंडिया दोन-दोन वर्षांच्या. त्यांपैकी टीच फॉर इंडियात शहरातल्या शाळांत शिकवावे लागते. खेड्यात रमणाऱ्या मुलीने ती केवळ नावासाठी घेऊ नये.

पाणलोट प्रकल्पात ४ वर्षे आहे. करार दर वेळी ११ महिन्यांचा, ‘सल्लागार’ म्हणून. भविष्यनिर्वाह निधी नाही. पगार दोन-दोन महिने रखडतो. गावातले काम आवडते, पण रात्री अकरापर्यंत फोटो आणि एक्सेल. हे क्षेत्रच असे आहे का? (बीड)

थोडे क्षेत्र असे आहे, बरेचसे तुमची संस्था.

पगार का रखडतो ते पाहा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात (हाच सीएसआर निधी). हा पैसा संस्थेला हप्त्यांनी मिळतो. आधीच्या हप्त्याचे विनियोग प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्चल्याचा दाखला) गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही. मार्चमध्ये वर्ष संपते, नव्या वर्षाचा करार सही होईतो पावसाळा येतो. प्रकल्प तीन वर्षांचा असला तरी अनेक कंपन्या करार एकेक वर्षाचाच करतात, म्हणून तुमचाही करार तसाच. मधले महिने गंगाजळीतून काढायचे असतात, आणि ती तुमच्या संस्थेकडे नाही. बँकेतली शिल्लक पाहून फसू नका: तिच्यात न खर्चलेला प्रकल्पनिधी असतो, त्यातून दुसऱ्या प्रकल्पातल्या माणसाचा पगार देता येत नाही. ताळेबंदात कायम निधी आणि सर्वसाधारण निधी पाहा. त्यातून तीन महिन्यांचे पगारही निघत नसतील तर पुढच्या जूनमध्ये हेच होणार.

‘सल्लागार’ हा शब्द संस्थेच्या सोयीचा आहे. हजेरी लागते, रजेचा अर्ज द्यावा लागतो, वरिष्ठ काम वाटून देतात, तर तुम्ही कर्मचारीच. वीस किंवा अधिक माणसे असतील तर भविष्यनिर्वाह निधी संस्थांनाही लागू होतो. करारपत्रे, बँकेचे उतारे आणि हजेरीच्या नोंदी जपून ठेवा. आधी सहकाऱ्यांसह सचिवांना लेखी द्या, उत्तर नाही आले तर भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाच्या तक्रार पोर्टलवर जा. शिवाय मानधनातून १० टक्के टीडीएस कापला जात असेल, तर विवरणपत्र भरता ना? उत्पन्न करपात्र नसेल तर ती रक्कम परत मिळते. क्षेत्रावरचे कितीतरी कार्यकर्ते विवरणपत्रच भरत नाहीत आणि हे पैसे सोडून देतात.

एक्सेलचे ओझे बहुधा तीन देणगीदारांच्या तीन नमुन्यांमुळे आहे. सगळ्यांची मागणी एकाच मासिक तक्त्यात बसवून घेणे हे प्रकल्प व्यवस्थापकाचे काम. मसुदा तुम्ही करून दिलात तर लवकर होईल. स्थाननोंद असलेला फोटो त्याच दिवशी, त्याच जागी काढा आणि गावाच्या नावाने साठवा. रात्रीचा निम्मा वेळ जुने फोटो शोधण्यात जातो.

सोडायचे ठरले तर संस्था सोडा, पाणलोट नको. समपातळी सर्वेक्षण, मोजमाप पुस्तक, ग्रामसभेतून आराखडा मंजूर करून घेणे, हे येणारी माणसे वॉटर, बाएफ यांसारख्या संस्थांना लागतात. गावांची यादी, चरांची लांबी, बांधांची मोजमापे यांचे दोन पानी टिपण बनवा. लाभार्थ्यांच्या आधारच्या प्रती किंवा फोन क्रमांक सोबत नेऊ नका. ते तुमचे नाहीत.

नोकरी मिळत नाही, म्हणून आम्ही चार मित्र संस्था नोंदवून सीएसआर निधी घ्यायचा विचार करतो आहोत. (सोलापूर)

करू नका. सोसायटीला किमान सात सदस्य लागतात, आणि महाराष्ट्रात तिची नोंद सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणूनही करावी लागते. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे फेरफार अहवाल. सीएसआर निधीसाठी केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी लागते आणि बाहेरच्या संस्थेला तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, म्हणजे तीन वर्षे पदरचे पैसे घालायचे. वर विश्वस्तांना पगार घ्यायचा तर संस्थेच्या घटनेत तशी तरतूद हवी आणि रक्कम वाजवी हवी, नाहीतर करसवलतच धोक्यात येते. तुमच्या तालुक्यात तेच काम करणारी संस्था असेल तर तिथे अर्ज करा. चौघांनी एकाच जागेसाठी नको.