डिजिटल धोरण शिकायला दिल्लीच गाठावी लागते का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: यवतमाळ जिल्ह्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवता, वकिलीची पदवी आहे पण सनद घेतलेली नाही, इंटरनेट गव्हर्नन्स (म्हणजे इंटरनेटचे नियम कोणी आणि कसे ठरवायचे हा विषय) आणि डिजिटल धोरणात काम करायची इच्छा आहे. दिल्लीतल्या एका महागड्या डिप्लोमासाठी केंद्र बंद करावं का? माझं स्पष्ट मत, करू नका. निदान वर्षभर तरी नकोच. या विषयाला जे साहित्य लागतं त्यातलं निम्मं रोज तुमच्या काउंटरवर येऊन उभं राहतं, आणि उरलेलं बहुतेक फुकट आहे.

अभ्यासक्रमांचं आधी उरकून घेतो. आयकॅन लर्न, एपनिक अकॅडमी (आयकॅन आणि एपनिक काय करतात ते पुढे येतंच) आणि इंटरनेट सोसायटी यांचे ऑनलाइन धडे मोफत आहेत. डिप्लोफाउंडेशन ही माल्टा आणि स्वित्झर्लंड सरकारांनी २००२ मध्ये उभी केलेली संस्था. तिथे धड्याच्या मजकुरावरच विद्यार्थी शेरे लिहितात, आणि शिक्षक व इतर देशांतले सोबती त्याच ओळीखाली उत्तर देतात. भर लिखाणावर असल्याने रेंज येत-जात असली तरी निभतं. शुल्क आहे, पण काही वेळा शिष्यवृत्ती मिळते, तेव्हा अर्ज करत राहा. आपल्याकडे २०१६ पासून इंडिया स्कूल ऑन इंटरनेट गव्हर्नन्स भरतं. आयकॅनच्या बैठकांना जाण्यासाठीची फेलोशिप मिळाली तर प्रवास आणि राहण्याचा खर्च तेच करतात.

या सगळ्यातून कळतं ते कोणाकडे काय आहे एवढंच. तलाठ्याच्या दप्तरात कोणता गट कोणाच्या नावावर ही नोंद असते, तसं डोमेन नावांचं, म्हणजे संकेतस्थळांच्या पत्त्यांचं, दप्तर आयकॅनकडे. ही संस्था १९९८ ची, आणि तिच्यावरचा अमेरिकी सरकारच्या देखरेखीचा करार ऑक्टोबर २०१६ मध्ये संपला. आपल्या भागातले आयपी क्रमांक, म्हणजे नेटला जोडलेल्या यंत्रांचे नंबर, ब्रिस्बेनच्या एपनिककडे, भारतातलं डॉट इन आणि डॉट भारत निक्सीकडे, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडियाकडे. देशोदेशीची सरकारं, कंपन्या आणि लोक एकत्र बसतात ते इंटरनेट गव्हर्नन्स फोरममध्ये. त्याची पहिली बैठक २००६ मध्ये अथेन्सला झाली, २००८ ची आपल्या हैदराबादला. हे दोन-तीन आठवड्यांत पाठ होतं. माझी काळजी पुढची आहे. हे पाठ असलेली, प्रमाणपत्रं मिळवलेली माणसं मी पाहिली आहेत, पण एखादा मसुदा समोर ठेवला तर त्यातलं कुठलं वाक्य कोणाला भोवणार हे त्यांना सांगता येत नाही. ते येतं एकाच गोष्टीने. एक नियम धरायचा आणि तो काउंटरपासून राजपत्रापर्यंत सोडायचा नाही.

करून दाखवतो. निराधार योजनेच्या कामासाठी एक म्हातारी येते. आयुष्यभर कापूस वेचून बोटांच्या रेषा गेल्या, अंगठा लागत नाही. आधारला जोडलेला नंबर मुलाचा, तो पुण्याला शिफ्टवर, ओटीपी त्याला जातो. तीनदा फोन केल्यावर तो उचलतो. मग स्क्रीनवर इंग्रजीत चार ओळी आणि एक चौकट येते, आणि त्या चौकटीत टिक तुम्ही करता. संमती कोणी दिली?

आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम उघडा. कलम ५ म्हणतं, संमती मागताना कोणता डेटा, कशासाठी, तक्रार कुठे करायची हे सांगणारी सूचना द्या, आणि ती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्या. म्हणजे मराठी आलीच. बरेच जण इथेच खूश होऊन थांबतात. तुम्ही कलम ७ पर्यंत जा. सरकार अनुदान, लाभ किंवा प्रमाणपत्र देत असेल तर काही अटींवर नवी संमती न घेताही डेटा वापरता येतो. मग म्हातारीचं प्रकरण ५ मध्ये बसतं की ७ मध्ये? ७ मध्ये बसत असेल तर सरकारने कोणती पथ्यं पाळायची, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. बहुतेक बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार, हेही तिथेच कळतं. या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये हरकती-सूचनांसाठी खुला झाला होता. ती म्हातारी ज्यांच्यासमोर बसते त्यांचं म्हणणं अशा वेळी लेखी जायलाच हवं, आणि ते दिल्लीत बसून कोणी लिहू शकत नाही.

हरकत लिहायची कशी हे शिकायला ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, कागदपत्रं वाचा, माझ्या मते यापेक्षा चांगलं पाठ्यपुस्तक नाही. इंटरनेटवरून चालणाऱ्या ॲप-सेवांवर नियम हवेत का, यावरचा मार्च २०१५ चा सल्लामसलत पेपर घ्या, ज्यावर दहा लाखांच्या वर ईमेल गेले. मग त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डेटाच्या वेगवेगळ्या दरांवर आलेला पेपर, त्यावरच्या कंपन्यांच्या आणि संघटनांच्या टिप्पण्या, प्रति-टिप्पण्या, आणि शेवटी ८ फेब्रुवारी २०१६ चा विनियम त्याच्या स्पष्टीकरणासह. ओळीने वाचलंत की कोणता युक्तिवाद टिकला आणि कोणता वाहून गेला, हे डोळ्यांनी दिसतं.

कायद्याबाहेरचं उदाहरण हवं असेल तर आपल्या ‘वऱ्हाड’कडे बघा. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: ऱ ला हलंत देऊन, किंवा साध्या र ला हलंत आणि पुढे न दिसणारं एक जोडचिन्ह देऊन. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, पण संगणकासाठी ही दोन वेगळी नावं. डोमेन नावात हे चाललं तर बँकेच्या नावाची हुबेहूब नक्कल करून कास्तकाराला कोणीही फसवेल. म्हणून सर्वांत वरच्या पातळीच्या नावांत, म्हणजे डॉट भारतसारख्या शेवटच्या भागात, त्या अदृश्य चिन्हाला बंदी आहे आणि मराठीसाठी ऱ ठेवला आहे. ऱ ठेवायचा हे सुचवलं नव-ब्राह्मी पॅनेलने, म्हणजे नऊ भारतीय लिप्यांवर काम करणाऱ्या भाषा आणि तंत्र जाणणाऱ्यांच्या गटाने. त्यांचे प्रस्ताव जाहीर अभिप्रायासाठी खुले होते. अशा गटांना मराठी रोज लिहिणारी माणसं हवीच असतात.

नेटबंदीचाही असाच अभ्यास होतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती शहरात इंटरनेट बंद झालं होतं. असे आदेश प्रसिद्ध करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० लाच सांगितलं आहे. माहिती अधिकारात आदेशाची प्रत मागा आणि निकालाशी ताडून बघा.

इंग्रजीची धास्ती तुम्ही लिहिली आहे. वाचायला इंग्रजी लागेल, त्याला इलाज नाही. पण गाऱ्हाणं मांडायला संविधानाचं कलम ३५० तुमच्या पाठीशी आहे. केंद्र किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे राज्यात वापरल्या जाणाऱ्या भाषेत निवेदन देता येतं. मराठीत लिहा, सोबत इंग्रजी सारांश जोडा, म्हणजे वाचणाऱ्याला टाळायला कारण उरत नाही.

नोकरीचं खरं सांगतो. पूर्ण वेळ धोरणाच्या जागा दिल्ली-बंगळुरूला, नागपुरात थोड्याच. पण डेटा कायदा पतसंस्थेला, खासगी दवाखान्याला, शाळेला, शेतकरी उत्पादक कंपनीलाही लागू होतो. सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. त्यांना नोंदी कशा ठेवायच्या, मराठीत सूचना कशी लिहायची हे समजावणारं माणूस जिल्ह्यात लागणार. कायद्याची पदवी आणि काउंटरचा अनुभव या दोन्ही गोष्टी तुमच्याकडे आहेत.

सुरुवात म्हणून तुमच्या केंद्रात सगळ्यात जास्त वेळा येणारी संमतीची एक स्क्रीन निवडा, तिचं साधं मराठी करा, आणि कलम ५ मध्ये मागितलेलं काय त्यात नाही ते खाली लिहा. कोणाचं नाव, आधार क्रमांक त्यात राहू देऊ नका. इथेच टाका, मी ओळीओळीला शेरे देईन.