उभ्या गाडीची बॅटरी का उतरते? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

चांगली चालवून उभी केलेली गाडी दोन-चार दिवसांनी सेल्फ मारताच नुसती टकटक करते आणि सुरू होत नाही, या एकाच तक्रारीची अनेक पत्रे आली आहेत. पत्र लिहिण्यापूर्वीच बहुतेकांनी नवी बॅटरी विकत घेतलेली आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण दोष गाडीत असेल तर नवी बॅटरीही त्याच गतीने उतरते आणि वारंवार पूर्ण उतरल्यामुळे कायमची खराब होते. म्हणून पुढील प्रत्येक उत्तरात आधी मोजायचे काय, हे सांगितले आहे आणि बदलायचे काय, हे त्यानंतर.

प्रश्न : तीन दिवस उभी राहिली की माझी गाडी सुरू होत नाही. बॅटरी साडेतीन वर्षांची आहे. दोष बॅटरीत आहे की गाडीत, हे घरच्या घरी ठरवता येईल का?

उत्तर : येईल, आणि त्यासाठी एक चार्जर व साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. बॅटरी उतरण्यामागे तीनच शक्यता असतात. एक तर ती चार्ज धरून ठेवत नाही, नाहीतर गाडी चालताना ती पुरेशी भरलीच जात नाही, किंवा गाडी उभी असताना काहीतरी तिच्यातून वीज ओढत राहते. आपली गाडी तीन दिवसांत उतरते, म्हणून चाचणीही तीन दिवसांचीच करावी. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा, निगेटिव्ह टर्मिनलची वायर काढून बाजूला ठेवा, आणि लगेच न मोजता पाच-सहा तासांनी व्होल्टेज मोजून लिहून ठेवा. चार्जर काढल्याबरोबर दिसणारा १३ व्होल्टच्या आसपासचा आकडा प्लेटांच्या पृष्ठभागावरच्या तात्पुरत्या चार्जमुळे येतो आणि तो ओसरल्याशिवाय बॅटरीची खरी स्थिती कळत नाही. नेहमीच्या शिसे-आम्ल बॅटरीत विश्रांतीनंतर १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे सुमारे निम्मा, आणि १२ च्या खाली फारसे काही उरलेले नसते.

आता वायर न जोडता तीन दिवस थांबून पुन्हा मोजा. कशालाही न जोडलेली चांगली बॅटरी महिन्याभरात थोडेच टक्के चार्ज गमावते, त्यामुळे आकडा जवळजवळ तोच राहिला पाहिजे. तो १२.३ वर आला असेल, तर बॅटरी स्वतःच उतरते आहे. तो १०.५ च्या आसपास असेल, तर सहांपैकी एक सेल निकामी झाला आहे, कारण प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो. आकडा टिकला, तर वायर जोडून सेल्फ मारताना व्होल्टेज किती खाली जाते तेही पाहा. सौम्य हवामानात ते ९.६ च्या खाली घसरत असेल, तर बॅटरी चार्ज धरत असूनही तिच्यात जोर उरलेला नाही. दोन्ही कसोट्यांत ती चांगली ठरली, तर शोध गाडीत घ्यायचा.

वायर काढताना निगेटिव्ह आधी आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी, हा क्रम कधीही मोडू नये. पॉझिटिव्हवर लावलेला पाना चुकून गाडीच्या बॉडीला टेकला, तरी निगेटिव्ह सुटी असल्यामुळे शॉर्ट होत नाही. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून ठिणगी आणि ज्योत दूर ठेवावी, आणि हातातली अंगठी व घड्याळ काढून ठेवावे.

प्रश्न : नवी बॅटरी टाकूनही ती आठवड्यात उतरते. निगेटिव्ह वायर काढून मध्ये मल्टिमीटर जोडला, तर जवळजवळ ४ अँपिअर दिसले. एवढा करंट कुठे जात असेल?

उत्तर : आपण मीटर बरोबर जोडला आहे, फक्त आकडा लवकर वाचला. आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, सेंट्रल लॉक, दिवे आणि ऑडिओ यांची वेगवेगळी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे असतात. वायर सोडून पुन्हा जोडली किंवा दार उघडले की ती सगळी जागी होतात आणि मग एकेक करून झोपी जातात. काही गाड्यांना यासाठी दहा मिनिटे पुरतात, तर काहींना तासभर लागतो. आपल्याला दिसलेले ४ अँपिअर हे जागे असलेल्या गाडीचे आहेत. ते सतत वाहत असते, तर दिवसाला ९६ अँपिअर-तास खर्च झाले असते आणि तुमची बॅटरी आठवडाच काय, एक रात्रही टिकली नसती.

मोजणी पुन्हा करा, पण तयारी आधी पूर्ण करून. बॉनेट उघडे ठेवा आणि त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत आणा, म्हणजे गाडीला ते बंद असल्याचे वाटेल. ज्या दारातून फ्यूजबॉक्सकडे हात घालावा लागेल, त्याच्या कडीचेही तसेच करा. किल्ली बटणाची असेल, तर ती गाडीपासून चांगली लांब ठेवा, कारण ती जवळ असली की काही गाड्या तिची चाहूल घेत जाग्या राहतात. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या छिद्रात असल्याची खात्री करा. २०० मिलिअँपिअरच्या छिद्रात असेल, तर जागे होण्याच्या पहिल्याच झटक्यात मीटरमधला फ्यूज उडेल. मीटर मध्ये असताना इग्निशन चालू करू नका आणि सेल्फ तर मुळीच मारू नका, कारण स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर ओढतो. एवढे झाल्यावर गाडी लॉक करा आणि निदान पाऊण तास तिला हात लावू नका. हा पाऊण तास बहुतेकांना जड जातो, परंतु चुकीची निदाने सर्वांत जास्त इथेच होतात. वायरभोवती नुसता अडकवून करंट मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर मिळाला, तर वायर सोडावीच लागत नाही. फक्त तो मिलिअँपिअर नीट दाखवणारा हवा.

झोपलेल्या गाडीत २० ते ५० मिलिअँपिअर दिसणे स्वाभाविक आहे, कारण अलार्म, घड्याळ आणि रिमोटचा रिसीव्हर यांना तेवढे लागते. हिशेब करून पाहा. ३० मिलिअँपिअरने दिवसाला ०.७२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ४५ अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी व्हायला महिना लागेल. हेच ३०० मिलिअँपिअर असतील, तर दिवसाला ७.२ जातील आणि तीन दिवसांत बॅटरी निम्मी होईल. डिकीतला न विझलेला ५ वॉटचा दिवासुद्धा सुमारे ४०० मिलिअँपिअर घेतो, एवढे लक्षात ठेवले तरी आपल्या गाडीची गळती किती असावी, याचा अंदाज मीटर लावण्यापूर्वीच बांधता येतो.

प्रश्न : तासभर थांबूनही माझ्या गाडीत ४२० मिलिअँपिअर दिसतात. एकेक फ्यूज काढून पाहिला, पण कुठलाही काढला तरी आकडा खाली येण्याऐवजी थोडा वेळ वरच जातो. पुढे काय करावे?

उत्तर : फ्यूज काढून परत बसवला की त्या सर्किटवरचे नियंत्रण नव्याने जागे होते, म्हणून आकडा वर गेला. जुन्या गाड्यांसाठी ही पद्धत उत्तम होती, पण आजच्या गाड्यांत फ्यूज जागेवर ठेवूनच त्यावरचे व्होल्टेज मोजणे अधिक चांगले. पात्याच्या फ्यूजवर वरून दोन बारीक उघडे ठिपके असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन्ही टोके त्या ठिपक्यांवर टेकवा. फ्यूजमधून करंट जात नसेल तर शून्य दिसेल आणि जात असेल तर मिलिव्होल्टचा अंश तरी दिसेल. १० अँपिअरच्या फ्यूजवर एक मिलिव्होल्ट म्हणजे ढोबळमानाने १०० ते १५० मिलिअँपिअर. मोठ्या फ्यूजचा रोध कमी असल्याने तेवढ्याच मिलिव्होल्टमागे करंट जास्त असतो. या पद्धतीत गाडीची झोप मोडत नाही. ज्या फ्यूजवर आकडा सापडेल, त्यावर काय काय चालते, हे फ्यूजबॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत पाहावे आणि त्या वस्तूंचे प्लग एकेक करून काढावेत. झोपलेल्या गाडीत एखादा रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) हाताला कोमट लागला, तर तो चिकटून राहिल्याची शंका घ्यावी.

एकाही फ्यूजवर काही सापडले नाही, तर गळती फ्यूजबॉक्सला वळसा घालून जाते आहे, आणि तेव्हा दोनच ठिकाणे आधी पाहायची. पहिले ठिकाण म्हणजे बॅटरीच्या टर्मिनलवर नंतर थेट जोडलेल्या वायरी : अ‍ॅम्प्लिफायर, जादा हॉर्न, ट्रॅकर, डॅशकॅमेरा. दुसरे म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर. त्याच्या आतले डायोड करंटला एकाच दिशेने जाऊ देतात. त्यातला एक बिघडला की उभ्या गाडीत बॅटरीतून करंट उलटा अल्टरनेटरमध्ये वाहत राहतो. ४२० मिलिअँपिअर त्याने सहज जातात आणि गंमत म्हणजे असा अल्टरनेटर चालत्या गाडीत चार्जिंगही ठीकठाक दाखवू शकतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून अल्टरनेटरची जाड वायर काढा, तिचे टोक कापडात नीट गुंडाळा, मीटर परत जोडा आणि गाडी झोपेपर्यंत थांबा. आकडा कोसळला, तर चोर सापडला.

प्रश्न : माझा रोजचा प्रवास जाताना दहा मिनिटे आणि येताना दहा मिनिटे असतो. गळती मोजली, ती २५ मिलिअँपिअर आहे. बॅटरी नवी आहे. तरीही शनिवार-रविवार गाडी उभी राहिली की सोमवारी सेल्फ जड होतो.

उत्तर : आपण गळती मोजलीत, त्यामुळे माझे काम सोपे झाले. एका स्टार्टला फार वीज लागत नाही, परंतु दहा मिनिटांत दिवे, पंखा आणि मागच्या काचेचा हीटर यांचा खर्च भागवून बॅटरीच्या वाट्याला थोडेच उरते. शिवाय शिसे-आम्ल बॅटरी शेवटचे वीस-पंचवीस टक्के फार सावकाश भरून घेते, अल्टरनेटर कितीही मोठा असला तरी. अशी बॅटरी सतत पाऊण भागावर राहते, तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण थर जमतात आणि तिची धारणशक्ती घटत जाते. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.७ व्होल्ट मिळतात का, ते एकदा पाहा. काही नव्या गाड्या इंधन वाचवण्यासाठी हे व्होल्टेज मुद्दाम खालीवर करतात, त्यामुळे एकाच नजरेत निष्कर्ष काढू नये. अल्टरनेटर निर्दोष निघाला, तर महिन्यातून एकदा रात्रभर चार्जर लावणे हाच यावरचा उपाय.

प्रश्न : अल्टरनेटर तपासण्यासाठी इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून पाहावी, असे सांगतात. हे योग्य आहे का?

उत्तर : कधीही करू नये. बॅटरी एकाएकी सुटली की अल्टरनेटरचे व्होल्टेज क्षणभर कितीतरी पटींनी उसळते आणि त्यात गाडीतली महागडी नियंत्रणे जळू शकतात.

प्रश्न : आमची गाडी कधी दहा दिवस उभी राहूनही पहिल्या झटक्यात सुरू होते, तर कधी दुसऱ्याच सकाळी पूर्ण उतरलेली असते. मोजले की गळती नेहमी ३० मिलिअँपिअरच दिसते.

उत्तर : अधूनमधून होणारी गळती शोधणे सर्वांत अवघड, आणि त्यावर वहीइतके उपयोगी साधन दुसरे नाही. प्रत्येक वेळी गाडी कशी उभी केली ते लिहा : शेवटी कोणते दार उघडले, डिकी उघडली होती का, किल्ली कुठे ठेवली, चार्जिंगच्या सॉकेटमध्ये काही राहिले होते का, हवा कशी होती. माझ्याकडे अशीच एक गाडी आली होती. दोष निघाला तो समोरच्या खणाच्या झाकणात. खण गच्च भरलेला असला की झाकणाचा स्विच पूर्ण दाबला जात नव्हता आणि आतला दिवा रात्रभर जळत होता. खणात आणि डिकीत मोबाइलचे चित्रीकरण चालू ठेवून झाकण लावले की हे पाच मिनिटांत कळते. दाराच्या कडीतला स्विच कधीकधीच अडकणे आणि ऑडिओ सिस्टिम कधीकधी झोपायला नकार देणे, हेही नेहमी आढळते. गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये कायम खोचलेले ब्लूटूथ यंत्र असेल, तर ते आजच काढून ठेवा, कारण काही गाड्यांत ते नियंत्रणांना जागे ठेवते. एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर मेकॅनिककडून रात्रभर करंट नोंदवणारे यंत्र लावून घ्यावे आणि त्याची नोंद आपल्या वहीतल्या वेळांशी जुळवून पाहावी.

प्रश्न : गाडी दोन महिने उभी ठेवायची आहे. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे इंजिन चालू ठेवले तर पुरेल का?

उत्तर : पुरणार नाही, जागच्या जागी मंद चाललेले इंजिन थोडेसेच चार्ज करते आणि इंजिनात व सायलेन्सरमध्ये ओल मात्र साठवते. वीज जवळ असेल, तर बॅटरी भरल्यावर आपोआप सुमारे १३.५ व्होल्टवर येणारा देखभाल चार्जर लावून ठेवावा. निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर बसवलेला असेल, तर चार्जरचा काळा चिमटा टर्मिनलला न लावता पुस्तिकेत दाखवलेल्या अर्थिंगच्या जागी लावावा, नाहीतर गाडीच्या हिशेबात तो चार्ज धरला जात नाही. वीज नसेल, तर बॅटरी पूर्ण भरून निगेटिव्ह वायर काढून ठेवावी. त्याआधी ऑडिओचा कोड लिहून घ्यावा आणि अलार्म बंद राहणार हे लक्षात घ्यावे. डिकी फक्त विजेच्या बटणाने उघडत असेल, तर बॅटरीपर्यंत पोचण्याचा मार्ग किल्लीने उघडता येतो का, हे वायर काढण्यापूर्वी करून पाहावे.