कृषी सल्ला : निफाडचा गारठा, देवगडचा चटका आणि समुद्राचा वारा

समुद्रकाठचे डहाणू आणि पठारावरचे निफाड ही गावे जवळजवळ एकाच अक्षांशावर असताना थंडीचा फटका आमच्याच बागांना का बसतो, असे निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदारांनी विचारले आहे. देवगडच्या एका आंबा बागायतदारांची तक्रार नेमकी उलटी आहे : समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही मार्चमध्ये हापूस भाजून गळतो. दोन्ही प्रश्नांचे मूळ अरबी समुद्रात असल्याने उत्तर एकत्र देत आहे.

पाणी उशिरा तापते आणि उशिराच निवते. तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मातीच्या तुलनेत पाणी तेवढेच तापायला चार-पाच पट उष्णता लागते, शिवाय लाटांमुळे ती खोलवर मिसळते. जमिनीचा मात्र दिवसभरात वरचा वीतभर थरच काय तो तापतो. म्हणून जानेवारीतही डहाणूची हवा उबदार राहते आणि तिच्यातील दमटपणा रात्री गोधडीसारखा उपयोगी पडतो. निफाड समुद्रापासून सरळ रेषेत जेमतेम दीडशे किलोमीटर असले, तरी मध्ये सह्याद्री उभा आहे. त्यामुळे पठारावरची कोरडी हवा, निरभ्र आकाश आणि उत्तरेचे वारे यांच्या तावडीत सापडलेली जमीन दिवसाची सारी ऊब पहाटेपर्यंत गमावून बसते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तेथे पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. अशा पहाटे बागेतल्या तारांवर गोठलेले दव बोटाला खरखरीत लागते आणि पाणी उतरू लागलेले, म्हणजे पिकायला लागलेले, द्राक्षमणी तडकतात.

समुद्र निफाडला नेता येणार नाही, परंतु त्याचा गुण बागेत वापरता येतो. ओली माती कोरडीपेक्षा अधिक ऊब साठवते आणि थंडीत विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असते. म्हणून थंडीच्या लाटेचा अंदाज असताना वाफसा (माती ओलसर, पण चिखल नाही अशी स्थिती) टिकवून पहाटे ठिबकने पाणी द्यावे. तुषार सिंचनाने घड भिजतात, ते टाळावे. बांधावरच्या शेकोट्यांचा उपयोग होतो, पण माझा भरवसा धुरापेक्षा पाण्यावर अधिक आहे.

देवगडकडे एरवी सकाळी जमीन तापली की तिच्यावरची हवा वर जाते आणि दुपारच्या आत समुद्रावरून येणारे खारे वारे सुरू होऊन तापमानाला लगाम बसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवस मात्र घाटावरून उतरणारे कोरडे, उतरतानाच तापलेले पूर्वेचे वारे या खाऱ्या वाऱ्यांना दुपारपर्यंत थोपवून धरतात. मुंबईत २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली, तेव्हा समुद्र काही दूर गेला नव्हता. अशा दिवशी कैरीच्या उन्हाकडच्या बाजूस तांबूस डाग पडतो आणि दोन-चार दिवसांत फळ गळते. अकरा वाजून गेले तरी वारा घाटाकडूनच येत असेल, तर तो दिवस धोक्याचा समजावा.

त्या दिवशी धावपळ करून फारसे हाती लागत नाही, तयारी आधी हवी. कैरी वाटाण्याएवढी झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी झाडास १५० ते २०० लिटर पाणी, असे एकूण तीन-चार वेळा द्यावे आणि आळ्यात गवताचे आच्छादन करावे. फळ अंड्याएवढे झाल्यावर, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे, २५ × २० सेंटिमीटरच्या वर्तमानपत्री पिशव्या बांधाव्यात. काढणीच्या महिनाभर आधी मात्र पाणी तोडावे.