उत्तर बरोबर, पण कशामुळे?

प्रश्न : सहावीत दशांश अपूर्णांकांवर कृतिसंशोधन (स्वतःच्या वर्गातली अडचण उपाय करून तपासणारा शिक्षकाचा अभ्यास) केले. पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी रीतसर झाली, गुणही वाढले. सहामाहीत मात्र त्याच मुलांनी 4.8 पेक्षा 4.63 मोठे ठरवले. मग संशोधनाचा वर्गात उपयोग तो काय?
– एक शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा

उत्तर : चाचण्यांमध्ये कोणत्या जोड्या होत्या, ते आधी पाहा. ‘अंक जास्त ती संख्या मोठी’ असे मानणारे मूलही 5.736 आणि 5.62 यांत 5.736 च निवडते आणि पूर्ण गुण घेऊन जाते. त्याची चूक पकडायला 4.8 आणि 4.63 अशीच जोडी लागते. काही मुलांचे नेमके उलटे असते : शतांश दशांशापेक्षा लहान, म्हणून जास्त अंकांची संख्या लहान. ती 4.8 बरोबर सांगतात आणि 5.736 ला फसतात. अमेरिकी शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ लॉरेन रेझनिक आणि सहकाऱ्यांच्या 1989 च्या अभ्यासात अमेरिका, इस्राएल आणि फ्रान्समधल्या मुलांत या दोन्ही समजुती दिसल्या होत्या.

तेव्हा दोन्ही प्रकारच्या पाच-पाच जोड्या मिसळून द्या. गुणांची एकत्र बेरीज करू नका, दोन रकाने ठेवा. एकाच रकान्यात चार-पाच चुका आणि दुसऱ्यात जवळपास नाही, तर ती समजूत. चुका इकडेतिकडे विखुरलेल्या असतील, तर तो नुसता गोंधळ.

गुण टिकले नाहीत याचे कारण बहुधा उपक्रमात असावे. ‘शून्य लावून अंक सारखे करा’ हा नियम उत्तर देतो, पण मूल मनात 80 आणि 63 यांचीच तुलना करते. नियम विसरला की जुनी समजूत परत. रुपये-पैशांचेही तेच, तिथे पैशांना नेहमी दोनच अंक, त्यामुळे अडचण समोर येतच नाही.

त्यापेक्षा कागदाच्या पट्ट्या कापा : 1 मीटर म्हणजे एक, 10 सेंटिमीटर म्हणजे दशांश, 1 सेंटिमीटर म्हणजे शतांश. 0.8 साठी आठ मोठ्या पट्ट्या, 0.63 साठी सहा मोठ्या आणि तीन लहान, एकाखाली एक मांडून घ्या. वाचताना ‘पॉइंट त्रेसष्ट’ नको, ‘सहा दशांश, तीन शतांश’ म्हणवून घ्या. (‘त्रेसष्ट’ कानावर पडले की आठ बिचारे लहानच वाटणार!)

उत्तरचाचणी उपक्रम संपल्यावर लगेच घेतली असेल, तर नव्या संख्या घेऊन सहा आठवड्यांनी आणखी एक घ्या. सहामाहीतली घसरण अहवालातून गाळू नका. कोणत्या जोडीला किती मुले चुकली, तेही लिहा.