सारांश नको, उत्तर हवं

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

जोतीराव फुल्यांचं 'शेतकऱ्याचा असूड' आणि ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' दोन्ही वाचून झालीत आणि पेपरला तीन आठवडे आहेत, म्हणजे वेळ पुरेसा आहे. फक्त आता सारांश काढत बसू नकोस. ज्यांचा सारांश पाठ असतो तेच प्रश्न बाजूला ठेवून पुस्तकात काय काय आहे ते सांगत सुटतात.

एका कोऱ्या पानावर मधोमध रेघ मार. डावीकडे फुले, उजवीकडे ताराबाई. आडवे मुद्दे असे: दुःखाचं मूळ, दोषी कोण, युक्तिवादाची पद्धत, उपाय. प्रत्येक रकान्यात एकच वाक्य आणि पुस्तकातला एक नेमका आधार. ताराबाईंच्या बाजूला प्रसंगही टिपून ठेव: 1881 मधला सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेचा बालहत्येचा खटला, त्यावरून बायकांना नावं ठेवणं सुरू झालं आणि 1882 मध्ये त्याला उत्तर म्हणून हे पुस्तक आलं. मग ती भाषा इतकी रोखठोक, समोरच्या पुरुषाला जाब विचारणारी का आहे, हे तुलाच लिहिता येईल.

'विद्येविना मति गेली' हे वर्गातला प्रत्येक जण लिहिणार. अवतरणाला गुण नाहीत, त्याच्या पुढच्या वाक्याला आहेत. मती, नीती, गती, वित्त या साखळीत एक नुकसान पुढच्याचं कारण होतं. म्हणजे शेतकऱ्याचं दारिद्र्य फुले नशिबावर ढकलत नाहीत, त्याची सुरुवात अविद्येत दाखवतात. असं स्पष्टीकरण जमणारी पाच-सहा अवतरणं बास.

तीन तास, चार प्रश्न. पेपर वाचायला 10 मिनिटं, शेवटी तपासायला 10, उरलेल्या 160 ची प्रत्येकी 40. त्यातली पहिली 5 कच्च्या आराखड्याला द्यायचीच. 'तुलना करा' असेल तर आधी फुल्यांवर दोन पानं, मग ताराबाईंवर दोन पानं असं लिहू नकोस. तुलना शेवटच्या चार ओळींत कोंबली जाते. प्रत्येक परिच्छेदात एक मुद्दा आणि दोघंही. 'फुल्यांचा जन्म 1827 साली झाला' अशी सुरुवात तर अजिबात नको. पहिल्याच वाक्यात तुझं म्हणणं येऊ दे.

आठवड्यातून दोनदा घड्याळ लावून, पुस्तक मिटून, पेनानं एक उत्तर लिही. 35 मिनिटांत तुझी किती पानं होतात ते मोज आणि आराखड्यात तेवढेच मुद्दे घे, बहुधा तीन. शेजारच्यानं किती पुरवण्या घेतल्या तिकडे बघायचं नाही.

आणि शेवटच्या प्रश्नाला 15 च मिनिटं उरली, तर प्रस्तावना गाळ. तिन्ही मुद्दे पूर्ण वाक्यांत, प्रत्येकी एका आधारासह लिहून टाक. एकच मुद्दा छान रंगवून अर्ध्यावर सोडलेल्या उत्तरापेक्षा त्याला जास्त गुण पडतात.

पहिलं सरावाचं उत्तर रविवारपर्यंत पाठव, कच्च्या आराखड्यासकट.