गिटारी किती आहेत ते नका विचारू, तारा कधी बदलल्या ते विचारा

गेल्या काही वर्षांत समुपदेशक म्हणून एक तक्रार माझ्याकडे इतक्यांदा आलीये की आता लिहूनच टाकते. तक्रार करणारी बहुतेक वेळा बायको असते, कधी आई असते, आणि एकदा तर एका मुलीने वडिलांबद्दल केली होती. वाक्य मात्र साधारण तेच. "मॅडम, घरात आधीच पाच-सहा गिटारी आहेत, आता अजून एक येणारे म्हणतोय. हे व्यसन आहे का?"

ही मंडळी व्यावसायिक वादक नसतात, नोकरी-धंदा सांभाळून हौस म्हणून वाजवणारी असतात. कोणी बँकेत, कोणी आयटीत, एक तर डेंटिस्ट होते. आणि घरचे येतात ते नेटवर वाचून घाबरून आलेले असतात, कारण तिथे 'गॅस' नावाचा प्रकार वाचायला मिळतो, म्हणजे गिटार ॲक्विझिशन सिंड्रोम. सिंड्रोम म्हटलं की पोटात गोळा येणारच. पण हा शब्द गिटारवाल्यांनी स्वतःचीच थट्टा करायला काढलेला आहे, अमेरिकन गिटारिस्ट वॉल्टर बेकर यांनी नव्वदच्या दशकात एका गिटारच्या मासिकात तो वापरला आणि मग सगळीकडे पसरला. असा कुठलाही आजार निदानाच्या पुस्तकात नाहीये. हे ऐकलं की समोरच्याचा अर्धा जीव तिथेच भांड्यात पडतो.

उरलेल्या अर्ध्याबद्दल मी ठाण्यातल्या एका जोडप्याची गोष्ट सांगते. दोघांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

तो चाळिशीतला, चांगल्या पगाराची नोकरी. ती शिक्षिका. बेडरूमच्या भिंतीवर चार गिटारी, कपाटावर दोन, आणि सातवी पलंगाखाली केसमध्ये. पहिल्याच भेटीत ती म्हणाली, "सगळ्या सारख्याच तर दिसतात, एक असली काय नि सात असल्या काय!" झालं, तो सुरू झाला. सारख्या कशा, स्ट्रॅटचा आवाज वेगळा, तिला तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज टिपणारे भाग) असतात, लेस पॉलला हंबकर पिकअप असतात म्हणून तिचा आवाज जाड येतो, नायलॉनच्या तारांची एक आहे, बारा तारांची एक आहे, लेस पॉलचं डिझाइन 1952 चं, स्ट्रॅटचं 1954 चं आणि आजही लोक तेच घेतात बघा मॅडम. बोलताना माणूस नुसता फुलला होता. मी त्याला मुद्दाम थांबवलं नाही. आवडीच्या गोष्टीबद्दल बोलताना माणूस कसा दिसतो ते मला आधी बघायचं असतं, आणि बायकोनेही ते बघावं असं वाटतं, कारण भांडणात ते दिसायचंच बंद झालेलं असतं.

त्याचं संपल्यावर मी एवढंच विचारलं, "आणि वाजवता कधी?"

"वेळ कुठे मिळतो मॅडम."

वेळ होता. रोज रात्री जेवणानंतर दीड-दोन तास तो गिटारीचे रिव्ह्यू बघायचा, हे त्यानेच नंतर सांगितलं.

मधल्या भेटींमध्ये पैशांचं बोलणं झालं, नो कॉस्ट ईएमआयचं झालं, एक गिटार त्याने ऑफिसच्या पत्त्यावर मागवून मित्राची आहे म्हणून घरी आणली होती तेही बाहेर आलं आणि त्यावर बराच वादही झाला. तो सगळा भाग इथे सोडते. मग मी त्याला म्हटलं, पुढच्या वेळी तुमची सगळ्यात आवडती गिटार घेऊन या.

तो टेलिकास्टर घेऊन आला. मेक्सिकोत बनलेली, लाखाच्या आसपासची. केस उघडली, मऊ फडक्याने पुसली, मग माझ्या हातात दिली. मला गिटार येत नाही, पण अशा केसेस ऐकून ऐकून चार गोष्टी समजायला लागल्यात. मी तारांवरून बोट फिरवलं. बोटाला खरखर लागली आणि टोकावर तपकिरी डाग आला. गंज होता.

मी विचारलं, "तारा कधी बदलल्या होत्या?"

"अजून नाही बदलल्या. कंपनीच्याच आहेत."

"घेऊन किती दिवस झाले?"

त्याने मनातल्या मनात हिशोब केला. बायकोने त्याच्या आधी उत्तर दिलं, "तीन दिवाळ्या."

नियमित वाजवणारा माणूस दोन-तीन महिन्यांनी तारा बदलतो. घामाने त्या खराब होतात, आवाज बसका होतो, आणि मुंबई-ठाण्याच्या हवेत तर नुसत्या ठेवल्या तरी गंजतात. फिनिशवर बोटाचा ठसा चालत नव्हता, आणि तारांकडे तीन वर्षं लक्षच नव्हतं. मग मी त्याला त्याच्या पहिल्या गिटारीबद्दल विचारलं. कॉलेजला असताना घेतलेली गिव्हसन, कोलकात्याची, स्वस्तातली. तिचं नाव काढल्यावर तो हसला. "तिची ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, एवढी वर होती की बोटं सोलून निघायची. सारखी वरची ई, म्हणजे सगळ्यात बारीक तार, तुटायची, मग एकच सुटी तार आणायला धोबीतलावला जायचो, सहाचा सेट घ्यायला पैसे नसायचे."

"म्हणजे तेव्हा तारा तुटत होत्या."

"हो."

"आणि आता गंजतायत."

तो गप्प झाला. मी घाई केली नाही, ती शांतता त्याची होती. थोड्या वेळाने तो जे बोलला ते माझ्या मते या सगळ्या केसेसचं मूळ आहे. म्हणाला, "एवढी महाग घेतलीये, आता वाजवली तर चांगलं यायलाच पाहिजे ना. नाही आलं तर?"

माझी काम करायची पद्धत विवेकनिष्ठ मानसोपचाराची, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, आणि इतक्या वर्षांनीही ती मला पुन्हा पुन्हा पटते कारण अशा वेळी ती बरोब्बर नस पकडते. माणसाला गिटार त्रास देत नसते. गिटारीबद्दल त्याने स्वतःला घातलेली अट त्रास देते. चांगलं वाजवता यावं ही इच्छा आहे, ती असू दे. पण चांगलं आलंच पाहिजे नाहीतर मी हातच लावणार नाही, ही अट झाली. आणि यातला पेच बघा, गिटार जितकी महाग तितकी अट मोठी होते. अट मोठी झाली की भीती वाढते, भीती वाढली की वाजवणं टळतं. आणि वाजवणं टळल्याची जी रुखरुख असते ती शमवायला सोपा उपाय कुठला, तर नवीन गिटार, कारण तिच्यावर अजून काही चुकलेलं नसतं. आठवडाभर बरं वाटतं, मग तीही भिंतीवर. घरच्यांना सात गिटारी दिसत असतात, पण मला त्यात एकच भीती सात वेळा विकत घेतलेली दिसते.

मी विचारलं, "वाईट वाजलं तर काय होईल?"

"लोक म्हणतील एवढी महागाची गिटार आणि वाजवतोय काय."

"बरं, म्हणतील. मग?"

"मग..." बराच वेळ गेला. "मग काही नाही. म्हणतील."

तेवढ्यात बायको बोलली, आणि हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. "लग्नाआधी गच्चीवर वाजवायचास तेव्हाही मध्येच अडकायचास. मी ऐकतच होते ना? आता तर तू हेडफोन लावून बसतोस. सात गिटारी आहेत घरात, आणि मुलीने तुला एकदाही वाजवताना ऐकलेलं नाही."

इथे माझ्या लक्षात आलं की तिची खरी तक्रार पैशांची नव्हतीच, पैशांची भाषा हाताशी होती म्हणून ती पैशांवर बोलत होती. त्यालाही ते कळलं. डोळे पुसले त्याने. असे क्षण खोलीत घडतात तेव्हा या कामाचं मोल कळतं, आणि हो, मला समाधान वाटलं होतं त्या दिवशी.

पुढचा गृहपाठ एलिस यांच्याच धाटणीचा. रोज दहा मिनिटं, टेलिकास्टरच, हेडफोन न लावता, घरच्यांसमोर, आणि चुकलं तरी न थांबता. आधी नवीन तारा. मग सोसायटीच्या कोजागिरीला एक गाणं. त्या रात्री त्याचा एफ कॉर्ड नीट लागला नाही (गिटार शिकणाऱ्या कोणालाही विचारा, पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून हा कॉर्ड धरताना किती जण गिटार सोडतात), दोन-तीन पोरं हसली, मसाला दूध फिरत होतं, गाणं शेवटपर्यंत झालं. पुढच्या भेटीत तो म्हणाला, "मॅडम, काहीच झालं नाही." हे वाक्य ऐकण्यासाठी मी खूप कष्ट घेते.

आता त्याच्याकडे पाच आहेत. बारा तारांची आणि लेस पॉल त्याने आपणहून विकली, कोणी सांगितलं नव्हतं. अजून एक घ्यायची इच्छा आहे, आणि असू दे.

तर घरच्यांना माझं सांगणं असं की आकडा मोजू नका. माझ्याकडे आलेल्या एका काकांकडे अकरा होत्या, प्रत्येकीचं ट्यूनिंग वेगळं, पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेल टाकून ठेवायचे कारण लाकूड फुगलं की तारा वर उचलल्या जातात आणि दाबायला जड होतं, आणि दर रविवारी वाजवायचे. त्यांना कसलाही त्रास नव्हता, त्यांच्या मुलीलाच काळजी होती. एक गिटार असलेला पण तिच्याकडे बघून रोज खंत करणारा माणूस मला जास्त काळजीचा वाटतो. म्हणून तारा कधी बदलल्या हा प्रश्न विचारा, आणि तोही टोमणा मारून नको. "एक तर वाजव नाहीतर विकून टाक" हे तर बोलूच नका. त्याने अट अजून घट्ट होते आणि पुढची खरेदी लपून होते.

आणि लपवालपवी मात्र गंभीरपणे घ्या, रक्कम छोटी असली तरी. छंदासाठी दरमहा ठरलेली रक्कम दोघांनी बसून ठरवा, ती वेगळ्या खात्यात जाऊ दे, आणि त्या रकमेचा हिशोब मागू नका. ईएमआयवर छंदाची वस्तू नको, पैसे साठू देत, साठेपर्यंत निम्म्या वेळा इच्छा आपोआप ओसरते असा माझा अनुभव आहे.

छंदवाल्यांनो, तुमच्यासाठी एकच. नवीन गिटारीचा व्हिडिओ उघडायच्या आधी घरातली एक हातात घ्या आणि पाच मिनिटं वाजवा, मग बघा व्हिडिओ. बंदी नाहीये, फक्त क्रम बदलायचा.

काही वेळा मात्र हे सगळं पुरत नाही. खरेदीसाठी कर्जावर कर्ज होतंय, घेतल्यावर आनंद होत नाही तरी थांबता येत नाही, किंवा अचानक काही दिवसांत झोप अगदी कमी झालीये, उत्साह उतू चाललाय, बोलणं थांबत नाहीये आणि आधी कधी न केलेली भरमसाट खरेदी सुरू आहे, तर तो छंदाचा प्रश्न नाही. अशा वेळी आधी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांना दाखवा, माझ्यासारखीकडे नंतर या.